दारापुढची खूण

कुनिहिको होसोया हा माणूस वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत कुणाच्या अध्यात ना मध्यात असा जगला, आणि त्याचा त्याला अभिमान होता. खानावळीत भलत्याच पदार्थाची वाटी पुढ्यात आली तरी मुकाट खाणार. रस्ता चुकला तर विचारणार नाही, तासभर पायपीट करेल. आपला कुणाला त्रास नको, एवढाच त्याचा धर्म.

कंपनीनं त्याला तोयामाहून उचलून पार उत्तरेच्या कुशिरोला टाकलं, मासळीच्या शीतगृहातली यंत्रं सांभाळायला. दोन वर्षांसाठी म्हणून. अशा बदलीवर बायको सहसा बरोबर जात नाही. सुमिएही तोयामालाच राहिली, कापडाच्या दुकानातली नोकरी करत. दोन वर्षं संपत आली तेव्हा कंपनीनं आणखी तीन वाढवली. त्या रविवारी फोनवर सुमिए म्हणाली, "अहो, मग मीच येऊ का तिकडे?"

"छे, कशाला? इथं धुकं नि गारठा. तुझी नोकरी, तुझ्या मैत्रिणी, सगळं तिकडे. उगाच तुला त्रास."

मग ती म्हणाली, "बरं."

आपण फार समजूतदारपणे बोललो असं या शहाण्याला वाटलं. पण त्या 'बरं'नंतर फोन आखडत गेले. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. संपलं. असे चार महिने गेले. गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता तिनं सांगितलं, की दुकानाशी पुढचा करार करायचा की नाही, हे तिला पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत कळवायचंय. "कर की," होसोया म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसला.

त्याच्या सामानात 'बुडालेला दरबार' या व्हिडिओ गेमचे चारही भाग होते. तोयामाच्या ऑफिसात सगळे त्यावरच बोलत, म्हणून नवा भाग निघाला की हा रांगेत उभा राहून आणायचा, पहिल्याच मोठ्या राक्षसापाशी पन्नासदा मरायचा, आणि डबा कपाटात टाकायचा. "चार डबे, चारही अर्धे," असं सुमिए पाहुण्यांना हसत सांगे. खेळच तसा नाकी नऊ आणणारा. मेलं की कमावलेलं सगळं तिथंच सांडायचं आणि पार मागच्या दिव्यापासून पुन्हा चालत यायचं. कुशिरोत त्यानं पहिला भाग परत काढला तो काही हौसेनं नव्हे. अर्धं राहिलेलं पुरं करावं, गृहपाठ उरकावा तसं.

कंपनीच्या वसतिगृहात टीव्ही एकच, जेवणघरात. त्यामुळे होसोयाचं मरण चारचौघांत व्हायचं. त्या फोननंतरच्या रविवारी सकाळी बाकीचे गावात गेले होते. जेवणघरात तो होता आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या ओनोदेरा बाई. बाई त्रेसष्ट वर्षांच्या, चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या, आणि या खेळाचे चारही भाग दोनदोनदा संपवलेल्या.

"परत मेलात?" मुळा सोलता सोलता त्यांनी विचारलं.

"मेलो."

"म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. अहो होसोयासान, त्या बेडकाला आता तुमच्याशिवाय करमत नसेल."

बेडूक म्हणजे विहिरीचा राखणदार. बैलाएवढा, गळ्यात घंटा. होसोया पुन्हा दिव्यापासून निघाला, विहिरीच्या दारापाशी आला. दारापुढच्या फरशीवर तीनचार पांढऱ्या खुणा चमकत होत्या. त्या वाचवत, वळसा घालून तो आत जायला लागला.

"थांबा!" बाईंनी मुळा खाली ठेवला. "हे मला बघवत नाही. ती माणसं आहेत हो. आपापल्या घरी बसून, कुणीतरी मदतीला बोलवेल म्हणून खूण ठेवून थांबलीत. हात लावला की धावत येतील. आणि तुम्ही शेण चुकवावं तसे चुकवून जाता!"

"माहितीय मला. पण अनोळखी माणूस, त्याचा सुट्टीचा दिवस. माझ्यापायी त्याला कशाला त्रास?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं नजर टीव्हीकडे वळवली.

"बरं, मग उलटं करा," त्या म्हणाल्या. "तुमचीच खूण ठेवा. त्यात तर कुणाला त्रास नाही?"

यात नाही म्हणण्यासारखं त्याला काही सापडेना. साठ वेळा मेलेल्या माणसाला कोण बोलावणार, असं पुटपुटत त्यानं खूण ठेवली आणि थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाईंचा मुळा सोलून झाला, दुसरा सुरू झाला. होसोयानं चहा ओतला, पण प्यायला नाही. आपल्याला काय, असं त्यानं दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. तरी डोळे त्या एवढ्याशा पांढऱ्या खुणेवरून हलेनात. कुणीतरी हात लावावा, असं त्याला फार वाटायला लागलं. या वयात, असल्या गोष्टीसाठी, म्हणून लाजही वाटली.

पंचविसाव्या मिनिटाला पडदा उजळला.

"बोलावलं!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की बाईंच्या हातून सुरी निसटली.

बोलावणारा गडी डोक्यावर बादली घालून उभा होता. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, होसोयानंही केला. खेळातल्या माणसानंही केला आणि खुर्चीतल्यानंही. मग दोघं आत शिरले. आणि काय सांगावं, साठ मरणं फुकट गेली नव्हती. बेडूक कधी फुगतो, कुठल्या पायावर उडी घेतो, घंटा वाजली की कुठं पळायचं, सगळं होसोयाच्या बोटांत बसलेलं होतं. बेडकाला त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, बादलीवाला मागून वार करत राहिला. शेवटी बेडूक आडवा झाला. बादलीवाला जागच्या जागी नाचला, नमस्कार केला, पुन्हा नाचला, पुन्हा नमस्कार केला, आणि होसोया दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला.

होसोया हसत होता. गेल्या दोन वर्षांत तो असा हसला नव्हता. त्यानं लगेच परत खूण ठेवली. दुसऱ्या खेपेला दोघंही मेले, आणि त्या मरण्यातही त्याला अशी मजा आली, की डबे कपाटात टाकणारा माणूस हाच का, असं बाईंना वाटावं.

"बघा," त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "लोकांनी किती त्रास दिला तुम्हाला."

"त्रास? छे हो! उलट बोलावलं म्हणून मी..."

तो मध्येच थांबला. हातातला कंट्रोलर त्यानं हळूच टेबलावर ठेवला. मी येऊ का, असं सुमिएनं विचारलं होतं. त्यानं तिची खूण पाहिली होती, आणि मोठ्या सभ्यपणानं वळसा घालून निघून गेला होता. पंचवीस मिनिटांत आपला जीव वरखाली झाला; ती चार महिने थांबली. त्याला आपली इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

त्यांचा फोन ठरलेला असे रविवारी संध्याकाळी सातला. आत्ता अकरा वाजत होते. भलत्या वेळी त्यानं आजवर कधी फोन केला नव्हता. तो बाहेर जिन्यात गेला.

"काय झालं?" सुमिएचा आवाज घाबरा. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. सुमिए, मला इथं करमत नाही."

तो पायरीवर बसला.

"तू ये. खोली लहान आहे, धुकं आहे, दुकान सोडावं लागेल. तुला त्रास होणार, मला माहितीय. तरी ये. मला तू इथं हवी आहेस."

"थांबा हं," ती म्हणाली. "गॅस बंद करून येते."

पण ती गॅसकडे गेलीच नाही. फोनपासून दोन पावलांवर उभी राहून रडत होती, आणि ते त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. त्यानं फोन कानाला घट्ट धरून ठेवला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"जाड मोजे तिथं मिळतात," सुमिएनं विचारलं, "की इथूनच आणू?"

"मिळतात," होसोया म्हणाला. "तू आलीस की दोघं जाऊन आणू."