आंबिवलीचा सांगाडा आणि धाकूची सुटका

सन १८८३. आंबिवलीत विहीर खणताना धाकूला माणसाचा सांगाडा सापडला, ही गोष्ट वाईट. त्याचा मेव्हणा काळुराम बारा वर्षांपासून बेपत्ता होता आणि जाण्याआधी दोघांची बांधावरून मारामारी झाली होती, ही त्याहून वाईट. फौजदाराला तर धाकूच्या गळ्यात फास दिसायलाच लागला होता.

तरी रीत म्हणून त्याने हाडांचा जाणकार मागवला. ठाण्याहून आगगाडीने सेलेस्टीन आला. तो चर्चच्या कबरी खणायचा.

"तू मारला काय ह्याला?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"मला नाय वाटत," धाकू म्हणाला. तीन दिवस सगळं गाव तेच विचारत होतं. आता त्याचा स्वतःवरही भरवसा उरला नव्हता.

सेलेस्टीन खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ उकिडवा बसला.

"गुडघे छातीशी घेऊन कुशीवर निजवलाय. आमच्यात सरळ निजवतात, तुमच्यात जाळतात. अंगावर लाल माती, ती पण इथली नाय. उशाशी गारगोटीची पाती, हरणाचं शिंग. लोखंडाचा खिळासुद्धा नाय. वरची माती कोणी उकरलेली नाय, आणि तिच्यातच पुराणी खापरं. साहेब, हा नांगराच्याही आधीचा. शिकारीवर जगणारा."

"पक्कं?"

"पक्कं. आणि ही मांडी बघा. मोडून वाकडी जुळलीय. लंगडा माणूस शिकार काय करणार? कोणीतरी ह्याला वर्षानुवर्षं बसून खायला घातलंय."

"मग त्यात आमचे नव्हते," खड्ड्याच्या काठावरून धाकूची बायको हौसाबाई म्हणाली. "मला ताप आला तर हे पाण्याचा तांब्या देत नाहीत."

धाकूच्या बाजूने आजवर कोणी एवढी चांगली साक्ष दिली नव्हती.

फौजदाराने टाक उचलला. "त्या वेळी तू कुठे होतास?"

"जन्मलो नव्हतो, साहेब."

"साक्षीदार?"

"आई. पण ती पण नव्हती."

'आरोपी व त्याची आई, दोघेही गैरहजर,' फौजदाराने लिहिलं आणि धाकूला सोडलं.

 धाकू मातीच्या ढिगावर बसला, मग उठला आणि ती माती हळूहळू खड्ड्यात लोटू लागला. विहीर पलीकडे खणता येणार होती. घरी येऊन, मयताहून आल्यावर करतात तशी त्याने अंघोळ केली आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा जेवायला बसला. चौथी भाकरी हौसाबाईने न विचारताच वाढली.