तिसरी पिन

सन एकोणीसशे त्र्याण्णव, ऑगस्टची नऊ तारीख, सोमवार, दुपारचे चार. स्थळ सिएनफुएगोस, रेडिओ-कारागीर बाल्दोमेरो याच्या घराची पुढची खोली.

टंचाईच्या त्या वर्षी वीज ठराविक तासच असे; त्या दिवशी ती चारला येणार होती आणि सहाला जाणार होती. तेवढ्या अवधीत मला, त्याच्यासारख्याच कारागिराला, एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते: विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ज्या ऑसिलोस्कोपपुढे तीन महिन्यांपूर्वी बाल्दोमेरो कोसळला, त्या यंत्रापुढे त्याच्या मुलीने, इदानियाने, उद्यापासून बसावे की नाही. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यात हृदयविकार लिहिला होता. विधवा नेरेइदाला तो मान्य नव्हता.

"ऊसतोडीला तरण्यांना मागं टाकायचा तो," ती म्हणाली, "आणि म्हणे हृदय! उघड ते धूड. काही निघालं नाही, तर इदानिया बसेल."

"वहिनी, दाखला हा पुरावा असतो. शंका हा पुरावा नव्हे."

"तू मयतातसुद्धा पाद्र्याशी वाद घातलास, अन्सेल्मो. पेचकस घे."

यंत्र क्रांतीपूर्वीचे, अमेरिकी बनावटीचे. दोघांनी उचलावे इतके जड. बाल्दोमेरो गेल्यापासून त्याचा पडदा आंधळा होता. सकाळीच मी त्यातले सुकलेले कपॅसिटर काढून मोडक्या रशियन टीव्हीतले बसवले होते. चारला पंखा घरघरला, काचेचे व्हॉल्व्ह तांबूस झाले आणि पडद्यावर हिरवी रेषा उमटली.

"उठला म्हातारा!" इदानिया ओरडली. "काका, कॉफी तुमची. म्हणजे भाजलेल्या वाटाण्यांची, तोंड वाकडं करू नका."

पण रेषा स्वस्थ नव्हती. तिच्यावर एक संथ लाट चालत होती. नवे कपॅसिटर निर्दोष होते, हे मी मोजून पाहिले होते. ही लाट बाहेरून, भिंतीतल्या विजेतूनच येत होती. मी प्लग काढून उलटा घातला. लाट नाहीशी झाली. पुन्हा सुलटा घातला, ती परतली.

त्या क्षणी मला उत्तर कळले, आणि मी ते स्वतःशीच नाकारू लागलो. तीन पिनांचा प्लग उलटा जाऊच शकत नाही. दोन पिनांचा जातो. आमच्या भिंतींना दोनच भोके असतात, म्हणून या शहरात अमेरिकी यंत्र आले की पहिले काम तिसरी पिन कापण्याचे. ते आम्ही दुरुस्ती मानीतच नाही.

मी टेस्टर यंत्राच्या धातूच्या पेटीला लावला. टेस्टरमधला दिवा पेटला.

आत, वीज शिरते त्या वाटेवर, मी न बदललेला मेणकागदाचा एक जुना कपॅसिटर तडकला होता. त्यातून वीज थेट पेटीत उतरत होती. तिसरी पिन असती, तर ही वीज जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता.

एव्हाना पंपामुळे नळालाही पाणी आले होते. इदानिया हात धुऊन अनवाणी आली. घरातला बुटांचा एकुलता जोड सगळेच वाचवून वापरत. ओला हात तिने यंत्राच्या बटणाकडे नेला.

"हात मागे!"

मी प्लग उपटला. मागे नळ वाहतच होता.

"असाच आला होता तो," नेरेइदा दारातून हळूच म्हणाली. "वीज आली, पाणी आलं, हात धुतले. पुसायला फडकं मागितलं, मी म्हटलं, थांब जरा."

इदानियाने प्लग उचलून उजेडात धरला. कापलेल्या पिनेच्या टोकावर एक बारीक आडवी खूण होती. मग तिने माझ्या हत्यारांतली पक्कड पाहिली. त्या पकडीच्या पात्याला तेवढीच खाच आहे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून.

"काका, ही कोणी कापली?"

सगळेच कापतात, असे मी म्हणू शकलो असतो, आणि ते खरेही होते. तो कपॅसिटर तेव्हा धड होता, हा मुद्दाही माझ्याजवळ होता.

"मी," मी म्हणालो. "एकाहत्तर साली. त्यानेच सांगितलं होतं."

नेरेइदाने नळ बंद केला आणि हात झग्याला पुसून कोरडे केले, सावकाश, एकेक बोट.

"म्हणजे हृदय ठणठणीत होतं त्याचं," ती म्हणाली. "पिन तू कापलीस, अन्सेल्मो, आणि तो मेला."