काचेचा पाऊस आणि गच्चीवरची सवत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दिंडोशीच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. अंग म्हणाल तर पाण्याचा जाड पाइप, बैठक प्लायवूडची आणि तोंडावर पापडाच्या डब्याचं झाकण. पण माझ्या पोटात आठ इंची आरसा आहे आणि तो हाताने घासलेला आहे. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

माझा जन्म पंच्याण्णव सालचा. जयवंत तेव्हा अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर होता. सुट्टीच्या दिवशी तो लोखंडी पिंपावर जाड काच ठेवायचा, वर खरखरीत करड्या रंगाची पूड आणि पाणी टाकायचा आणि दुसऱ्या काचेने घासत बसायचा. बसायचा कसला! आरसा घासताना एका जागी थांबलं की काच एकीकडेच झिजते. म्हणून घासता घासता पिंपाभोवती फिरत राहावं लागतं. पावसाळा गेला, गणपती गेले, जयवंत फिरतच होता. त्याची बायको जानकी म्हणायची, "लग्नात सात पावलं टाकताना कंटाळला होता हा माणूस. आता बघा!"

मी मधोमध आणि तो माझ्याभोवती. त्या दिवसांत मी तारा होते आणि जयवंत माझा एकुलता एक ग्रह.

त्याच वर्षी, म्हणजे माझ्याच वर्षी, परदेशातल्या शास्त्रज्ञांना आपल्या सूर्यासारख्याच एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पहिल्यांदा सापडला. गुरूसारखा थोराड, पण ताऱ्याला इतका चिकटून की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. पेपरात त्याची बातमी आली, माझी नाही. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते आजतागायत.

तसे माझेही दिवस होते. सगळी बिल्डिंग रांग लावायची. कोण कशासाठी येतं, हे मला नेमकं कळायचं. खालच्या मजल्यावरचा केतन शनी बघायला म्हणून यायचा आणि क्रिकेटची मॅच असली की मला हळूच समोरच्या घरातल्या टीव्हीकडे वळवायचा. खरी भक्त एकच, जयवंतची लेक श्रुतिका. चंद्रावरचे खड्डे तिने पहिल्यांदा माझ्यातून पाहिले, तेव्हा ती स्टुलावर उभी होती.

पुढे ती कॉलेजात गेली आणि तिच्या तोंडी भलतेच ग्रह आले. दोन सूर्य असलेला एक. एक असा, की तिथे काचेचा पाऊस पडतो आणि तोही आडवा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मित्रांनो, मला सांगा, मी स्वतः काचेची! माझ्यावर धूळ साचलेली आणि ही बया काचेच्या पावसाचं कौतुक करते!

मग गेल्या वर्षी सवत आली. पांढरी, गोंडस, छोट्या डब्याएवढी. फोनवरून सांगितलं की आपली आपण तारा शोधते. तिला डोळा लावायची सोयच नाही, सगळं पडद्यावर. श्रुतिका तिला गच्चीवर आणताना शालीत गुंडाळून आणायची. मला कधी कुणी शाल घातली नाही.

त्यातच सोसायटीची दुरुस्ती निघाली. शेड पाडायची ठरली. अध्यक्ष आमच्या अंजनाबाई, माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं. मासळी बाजारात उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे शब्द पडला की पडला. त्या जयवंतला म्हणाल्या, "टाकीमागं एक वस्तू राहील. दोन दोन दुर्बिनी कश्याला? एक ठेव, दुसरी भंगारात दे."

 जयवंतच्या घरात माणसं आडवी झाली की दार उघडत नाही, तिथे मी कुठे मावणार?

श्रुतिका अंजनाबाईंना म्हणाली, "मावशी, शुक्रवारी संध्याकाळी वर या. तो काचेच्या पावसाचा ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून जाणार आहे. मग ठरवा."

मी मनात म्हटलं, ढग येऊ देत. एरवी नको तेव्हा येतात मेले. त्या संध्याकाळी एक फिरकला नाही.

दिवेलागणीनंतर पांढरी टेबलावर ऐटीत उभी राहिली. श्रुतिकाच्या लॅपटॉपवर ताऱ्याच्या उजेडाच्या मोजणीचं एकेक टिंब उमटत होतं. "ग्रह दिसत नाही मावशी," ती समजावत होती. "ताऱ्याच्या उजेडात तो हरवतो. पण समोरून जाताना थोडासा उजेड अडवतो. तारा किंचित मंद झाला की समजायचं, कुणीतरी आडवं गेलं." टिंबांची रांग खरंच हळूहळू उतरू लागली. जयवंत पुढे झुकला. माझ्या आरशावर जणू कुणी पुन्हा पूड घासत होतं.

आणि अचानक टिंबं थेट तळाला गेली.

"बाबा! तारा गेला!" श्रुतिका ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंजनाबाई टेबलावर ओणव्या होऊन, एक डोळा घट्ट मिटून, दुसरा पांढरीच्या पुढच्या काचेला लावून उभ्या होत्या. इतकी वर्षं दुर्बीण म्हटलं की डोळा लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

"मना काय दिसत नाय," त्या म्हणाल्या.

"गावलो गो, गावलो!" हसता हसता जयवंतची गावची मालवणी बाहेर आली आणि तो खाली बसला. "नवीन ग्रह गावलो! अंबाड्यासकट!"

अंजनाबाई भडकल्या. "हसतोस काय रे? मंग डोला लावाचा कुठं? तारा बघाया बोलावलं ना मना? ह्यी टिंबं बघू?"

श्रुतिकाने काच पुसली आणि पांढरीला पुन्हा कामाला लावलं. जयवंत मात्र माझ्याकडे आला. मला शेडबाहेर ओढलं, झाकण काढलं, पश्चिमेकडे कललेल्या हंस तारकासमूहाच्या चोचीखाली मला वळवलं आणि हाताने चाचपडत तो तारा पकडला. अंजनाबाईंनी डोळा लावला.

"ह्यो? बारकासा, नारंगी?"

"हाच मावशी," श्रुतिका म्हणाली. "आत्ता ग्रह ह्याच्यासमोर आहे. हा उजेड तिथून निघून चौसष्ट वर्षं झाली."

 डोळा न काढता अंजनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या जन्माचा म्हनायचा."

तेव्हा मला एक गोष्ट कळली. ग्रहाने अडवलेला तो चिमूटभर उजेड माझ्या आरशातही कमी पडला होता. मला मोजता आला नाही, एवढंच. पण ती सावली माझ्यावरही पडली होती.

निकाल अंजनाबाईंनी जिन्यात पाय ठेवताना दिला. "ती पांढरी घरात मावते, तिला घरात ठेवा. ह्यी मावत नाय, ह्यी टाकीमागं. भंगारवाल्याला कोनी बोलावलं तर माझ्याशी गाठ हाय."

म्हणजे मी वाचले. पण आता पांढरी श्रुतिकाच्या उशाशी झोपते आणि मी कबुतरांच्या शेजारी. हेवा गेला म्हणाल तर नाही गेला. आरसा आहे मी, खोटं दाखवणार नाही.

मित्रांनो, नव्या वस्तूला जरूर शाल पांघरा. पण जुनीचं झाकण तेवढं नीट लावा, आणि कधीमधी तिचीही धूळ झटका. काल जयवंत वर आला होता. गुडघे धरत धरत, फडकं घेऊन माझ्या चारही बाजू पुसत होता.

पुसता पुसता त्याने माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.