राहिलेला ठोका

दर्यापूरपासून चार कोसांवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं सतरा. तीन महिन्यांतून एकदा अकोल्याहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येत. त्याच्या आदल्या दिवशी मंडळीचा वडील देवमन तायडे घरोघर जायचा आणि उंबऱ्यावर बसून एकच प्रश्न विचारायचा: मनात कोणाबद्दल काही आहे का? असेल तर आजच मिटवायचं. मिटलं नाही, तर उद्या भाकर आणि प्याला न घेता मागच्या बाकावर बसायचं. घरोघरचं उत्तर तो वहीत लिहून पाळकसाहेबांना दाखवायचा. ही रीत देवमनच्या आजोबांच्याही आधीची. वडील हा मान वयाचा नव्हे, निवडीचा. त्याला पगार नाही. एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी करता करता आणि निवृत्तीनंतरही देवमनने तो एकोणीस वर्षं सांभाळला होता.

२००७ सालच्या त्या शनिवारी फेरी लवकर आटोपली. कपाशीने दगा दिला होता, जिनिंग बंद पडलं होतं, सतरापैकी सहा घरांना कुलपं होती. माणसं कामासाठी शहरात गेली होती. इतक्या लहान मंडळीसाठी आता नवा पाळक मिळणार नव्हता. पाळक शमुवेल साळवे निवृत्तीआधी उद्या शेवटचे येणार होते आणि देवमनच्या डोक्यावर हात ठेवून मंडळी त्याच्या स्वाधीन करणार होते.

दुपारी ताट वाढताना त्याची बायको जयवंता म्हणाली, "साऱ्या गावाले विचारून आले. आता आपल्या घरी कोन विचारीन? का वडलाच्या घराले सुटी हाये?"

"मस्करी राहू दे."

"मस्करी नाई. पार्बताबाईच्या नावापुढं काय लिवलं?"

देवमनने भाकरी मोडली. वहीत लिहिलं होतं, तब्येत बरी नाही. तीन वर्षं दर खेपेला तेच लिहिलं होतं. पार्बताबाईची तब्येत ठणठणीत होती. दर खेपेला ती "हाये" एवढंच म्हणायची आणि देवमन वही मिटून उठायचा.

तिचा मुलगा अमृत जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडल्यावर चार महिन्यांनी त्याने स्वतःचा जीव घेतला. गावात मयत झाली की चर्चची घंटा वाजते. गेलेल्या माणसाचं जितकं वय, तितके ठोके. घंटा नावाचीच, कोण्या जुन्या रेल्वेवाल्याने चांदूर रेल्वेहून आणलेला तो रुळाचा तुकडा, कडुलिंबाला टांगलेला. हातोडा देवमनकडे असे. त्या दिवशी दोन-चार जण म्हणाले, अशा रीतीने गेलेल्यासाठी घंटा कशी वाजवायची? देवमनने हातोडा कपाटात ठेवला आणि सांगितलं, पाळकसाहेबांच्या परवानगीशिवाय वाजत नाही. अमृतला घंटेविना पुरलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनीच नाही म्हटलं असं समजून पार्बताबाई त्यांच्यासमोर आलीच नाही. झालेलं ऐकून ते देवमनला म्हणाले, "मी असतो तर वाजवली असती. माझ्या वतीने तिला एवढं सांगा." तो निरोप देवमनने पोचवलाच नाही.

जेवण अर्धं टाकून तो उठला.

पार्बताबाई अंगणात तुरी पाखडत होती. "सकाळी त येऊन गेले," ती म्हणाली. "सांगतलं ना, हाये म्हणून."

"पाळकसाहेबाबद्दल?"

"दुसरं कोनाबद्दल? माह्या पोराले जनावरावानी पुराले लावलं त्यानं."

"त्यानं नाई." देवमन उभाच राहिला, बसायचं त्याच्याने झालं नाही. "त्या दिवशी त्यायचा फोनच लागला नाई. वाजवाची नाई, हे म्या ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणे, मी असतो त वाजवली असती, पार्बताबाईले सांगा. म्या नाई सांगतलं."

सूप थांबलं. "काहून?"

"सांगतलं असतं त चूक माही ठरली असती."

ती सुपातले खडे वेचू लागली. मग म्हणाली, "तीन वर्सं मी त्या मानसाचा सलाम नाई घेतला. तो दारात आला का मी आत जाऊन बसो. जा आता. मले काम हाये."

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी देवमनने हातोडा घेतला आणि ठोके सुरू केले. बाया पदर सावरत बाहेर आल्या. "कोन गेलं वं?" कोणाला काही कळेना. सव्विसावा ठोका पडला तेव्हा पाळकसाहेब जीपमधून उतरत होते. त्यांनी विचारलं आणि देवमनने तिथेच, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "तीन वर्षं तुम्ही मला एक आजारी बाई दाखवलीत, देवमनराव. आणि मी वहीवर विश्वास ठेवला. तो माझा दोष." मग ते म्हणाले, "आज हात ठेवत नाही."

"नका ठेवू," देवमन म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

दुसरं गीत चालू असताना पार्बताबाई आली. त्याच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसली. भाकरीचं ताट आलं. देवमनने भाकर न घेता ते तिच्याकडे दिलं. तिनेही न घेता परत केलं.

आशीर्वादाची प्रार्थना संपली, लोक बाहेर पडले. तिने विचारलं, "किती मारले?"

"सव्वीस. दफनाच्या नोंदीत सव्वीस हायेत."

"त्या मंगळवारी त्याले सव्वीस पुरे झाले. शुक्रवारी गेला. चालू वर्साचा ठोका असते का नाई?"

"असते."

"मंग एक राह्यला."

रुळाजवळ जाऊन देवमनने हातोडा तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. "तुमीच मारा. मी उभी हावो."

त्याने मारला. आवाज पार विरेपर्यंत ती झाडाखाली उभी राहिली. मग चर्चच्या दाराशी गेली आणि तिथे उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना तिने सलाम केला.

देवमनला केला नाही.