एकुलती एक किडनी

बारा वर्षांपूर्वी मी माझी एक किडनी धाकट्या जावेला दिली. तेव्हापासून घरात शेवटचा शब्द माझा. चौथी नापास बाईने याहून मोठा मान मिळवून दाखवावा!

आता माझ्या उरलेल्या किडनीवर गाठ आली, बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी काढायची नाही. पाठीतून सुई घालून गाठ जागीच गोठवू. पण सुई आत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. सुई सरकली तर पंचाईत. तुमच्याकडे दुसरी किडनी नाही."

"बोलायचं नाही?" जाऊ म्हणाली. "बाई, मग कठीण आहे."

मला पालथं निजवलं, पाठ बधिर केली, सुई आत गेली. यंत्राच्या भल्यामोठ्या कड्यात मी अर्धी आत, अर्धी बाहेर. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. "गाठीभोवती बर्फ धरतोय हं. छान."

तेवढ्यात नर्स आत आली. "बाहेरच्या बाई किती थोर हो! स्वतःची किडनी दिली म्हणे तुम्हाला."

कोणी? कोणाला? माझ्या जिभेवर दहा शिव्या रांगेत उभ्या राहिल्या.

"श्वास धरा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धरला. शिव्यांसकट धरला.

नर्सला कुठला दम! "एकाने तर उठून त्यांना खुर्ची दिली."

गाठ दोनदा गोठवली, मध्ये वितळू दिली. मी मात्र सलग पेटलेली. पण केसभर हलले असेन तर शपथ!

शेवटचा स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पूर्ण बर्फात गेली. किडनी शाबूत. इतका शांत पेशंट मी पाहिला नाही."

मला बाहेर आणलं तर जाऊ धावत आली, रडून नाक लाल. कानाशी लागली, "जाऊबाई, मला आत सोडेनात. किडनीवाली म्हटलं तर सोडतील वाटलं. बोलताना उलटंसुलटं झालं, आणि लोक इतकं कौतुक करायला लागले की मला थांबवेना!"

सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्या एका शब्दात तिची फजिती झाली असती. तो शब्द ओठांवर आला होता. पण तिचं ते लाल नाक!

"हो, हिनेच दिली," मी मोठ्याने म्हणाले. "म्हणून तर मला लवकर घरी सोडा. गाठ गेली कळलं, आता परत मागेल!"

जाऊ खो खो हसत माझ्या स्ट्रेचरवरच कोसळली. मलाही आवरेना.

"अहो, पाठीवर ताजी पट्टी आहे, हसू नका!" नर्स ओरडली.

आता कोण ऐकतंय!