सव्वीस वेळा पुरलेला गुलाब

मी एक जुना गुलाब आहे मित्रांनो, आणि मला आजवर सव्वीस वेळा जिवंत पुरलं आहे. हळहळू नका. दर वेळी मी परत वर आलो आहे. हे रडगाणं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हिवाळाभर बर्फाखाली गोठणाऱ्या सेंट पॉल शहरात व्हर्ना टोलेफसनच्या घराला लागून माझी जागा आहे. व्हर्ना तेव्हा शाळेची बस चालवायची. शेवटच्या बाकावरच्या पोराला गप्प करणारा तिचा आवाज कुंपणापलीकडेही सहज पोचायचा. तिने मला आणलं तेव्हा मी दुकानाच्या कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलो होतो. मुळांना माती नव्हती, फांद्यांवर मेण फासलेलं होतं.

शेजारचा डेलबर्ट कुंपणावर रेलून हसला. "व्हर्ना, हे रोप आहे की काटक्यांची जुडी? शेकोटीत घाल!"

"तुझ्या टकलावर लावते, थांब. तिथे नाहीतरी काही उगवत नाही," व्हर्ना म्हणाली.

तिने मला दिवसभर बादलीत भिजवलं. खड्ड्याच्या मधोमध मातीचा उंचवटा केला आणि त्यावर माझी मुळं चहूबाजूंनी पसरली. माझ्या कलमाची गाठ, म्हणजे मला जंगली खुंटावर जिथे जोडलंय ती जागा, तिने चार बोटं मातीखाली ठेवली. उबदार गावांत ती वर ठेवतात म्हणे. इथे वर राहिली तर पहिल्याच हिवाळ्यात खेळ खलास.

त्या उन्हाळ्यात मला कळ्या आल्या आणि तिने त्या खुडून टाकल्या. मला भयंकर राग आला. "आधी मुळं धर, मग मिरव," तिने मला सुनावलं. तिचं बरोबर होतं, पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही आणि आजही मोठ्याने करणार नाही.

ऑक्टोबर आला आणि मला पहिल्यांदा पुरलं. गुलाब थंडीने मरू नये म्हणून आमच्याकडची ही रीतच आहे. फांद्या नारिंगी सुतळीने बांधायच्या, पूर्वेला लांब चर खणायचा, पश्चिमेकडची मुळं चार दात्यांच्या फावड्याने सैल करायची आणि अख्खं झाड हळूच त्या चरात आडवं करायचं. वर माती, त्यावर पानांचा ढीग. सुतळीचं टोक तेवढं बाहेर ठेवायचं, म्हणजे एप्रिलमध्ये गुलाब कुठे निजलाय ते कळतं.

"आली बाई अंत्यविधीला!" डेलबर्ट दर वर्षी ओरडायचा. मी मात्र दर एप्रिलला उभा राहायचो. अकराव्या वर्षी माझ्या फुलाला राज्याच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. पिवळंधमक फूल, कडेला केशरी झाक. व्हर्नाने ती फीत आठवडाभर कोटाला लावून बस चालवली.

मग गेल्या वर्षी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बाई छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी मार्लिस मदतीला येऊन राहिली.

"आई, आता पुरे झालं. हा गुलाब काढून टाकू. हल्ली थंडीत आपोआप जगणारी झुडपं मिळतात. पुरायला नको, उकरायला नको, काही कटकट नाही."

"मग आईसुद्धा तशीच एखादी बघ," व्हर्ना खुर्चीतून म्हणाली.

शेवटी मार्लिसने अट घातली. एवढा एक हिवाळा. वसंतात उठला तर राहील, नाहीतर त्या जागी झुडूप.

मला पुरायचं काम डेलबर्टने आपणहून अंगावर घेतलं. व्हर्ना त्या दिवशी पायाच्या व्यायामाला गेली होती. पश्चिमेला मार्लिसने टोमॅटोची झाडं नुकतीच उपटली होती, माती भुसभुशीत होती. डेलबर्टने सोपं पाहिलं आणि चर तिकडेच खणला. पंचवीस वर्षं मी पूर्वेला वाकत आलोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझी पूर्वेची लवचीक मुळं त्याने तोडली आणि मला उलटीकडे रेटलं. मी ताठ राहिलो. त्याने जोर लावला. माझा बुंधा कडाडला.

व्हर्ना परतली आणि सुतळीचं टोक भलत्याच बाजूला पाहून तिथेच थांबली. "डेलबर्ट! अरे, तो पूर्वेला वाकतो!"

"मला काय ठाऊक? त्याने काही सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

आता उकरून वळवायला गेलं तर मी पुरताच तुटलो असतो, म्हणून मला तसंच ठेवलं. त्याने आपल्या अंगणातली सगळी पानं आणून माझ्यावर ओतली. माफी मागणं त्याला जमत नाही.

तो हिवाळा मी अर्ध्या बुंध्यावर काढला. खूप दुखत होतं. पण माझ्या जागेवर कोण उभं राहणार हे दुसऱ्या कुणी ठरवावं, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

एप्रिलमध्ये मला उकरलं. सगळ्या फांद्या काळ्या. मार्लिसने झुडपाची कुंडी फाटकाशी आणूनही ठेवली. मे अखेरीला बुंध्यापाशी एक लाल कोंब फुटला.

"हा खालच्या जंगली खुंटाचा आहे, आई. तुझा गुलाब गेला," मार्लिस हळू आवाजात म्हणाली.

"फूल येऊ दे. खुंटाचं फूल गडद लाल असतं. लाल आलं, तर मी स्वतः उपटीन."

जूनभर तिघं माझ्याकडे बघत होती. कळी आली, तिची मी मुळीच घाई केली नाही. शेवटी एका सकाळी उमललो. पिवळाधमक, कडेला केशरी झाक.

व्हर्ना वॉकर टेकत आली. फुलाला हळूच बोट लावून पाहिलं. मग डोळे पुसून कुंपणाकडे ओरडली, "डेलबर्ट, टोपी काढ!"

त्याने काढली.

झुडूपही लावलं आहे, पन्हळीच्या पलीकडे. व्हर्नाने खुर्चीतून हुकूम सोडले आणि मार्लिसने गुडघे टेकून त्याची मुळं पसरली. बिचाऱ्याच्या पहिल्या कळ्या उन्हाळ्यातच खुडल्या. अजून चिडलंय. चिडू दे.

मित्रांनो, आज पुन्हा ऑक्टोबर आहे. मला तुमची दया नको. नवं रोप लावा, जुनं सांभाळा, पण सोपं दिसतंय म्हणून भलत्या बाजूला रेटू नका. त्याने इतकी वर्षं कसं वाकून दिवस काढलेत, ते आधी विचारा. डेलबर्ट फावडं घेऊन माझ्यासमोर उभा आहे. त्याने अजून मातीला हात लावलेला नाही. तो व्हर्नाच्या खुर्चीकडे वळून विचारतोय, "कुठली बाजू?"

पुरा आता खुशाल. एप्रिलमध्ये भेटू.