कोरं पाणी

अरे, आधी ऐक तर. मधे बोलू नकोस, काय म्हणायचं ते शेवटी म्हण.

भिंगीने ड्रॉपरमधला थेंब काचपट्टीवर सोडला, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पुढचं अर्धं मिनिट श्वासच घेतला नाही. थेंबात एक पाणपिसू होती. मोहरीहून बारीक, आरपार दिसणारी. तिचं हृदय धडधडताना दिसत होतं, पाठीवरच्या पिशवीत चार पिल्लं वळवळत होती. आणि खालच्या अंगाला, पोटाच्या कडेकडेने, काट्यांची ओळ. करवतीला असतात ना, तशी.

"नाही हं," भिंगी त्या पिसूला म्हणाली. "तुला कुणी सांगितलं होतं काटे आणायला?"

भिंगी हे तिचं खरं नाव नव्हे. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ भिंगाला डोळा लावून बसायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला भिंगी म्हणायचे. घरी दादानेही तेच उचललं. तिचं पदवीचं सगळं काम या पाणपिसवांवर होतं. नावाला पिसवा, पण नातं झिंग्यांशी, दूरची चुलत भावंडं म्हण हवं तर. आणि यांची एक गंमत आहे. तळ्यात मासा असला की पिसूला पाण्यात त्याचा वास लागतो. मग तिची पिल्लं जन्माला येतानाच शेपटीला लांब काटा घेऊन येतात, म्हणजे माशाला गिळता येऊ नये. डासासारख्या किड्याच्या अळ्यांचा वास लागला तर काटा मानेवर येतो. धोका आईने हुंगायचा आणि हत्यार पोरांनी घेऊन यायचं.

दुसरी गंमत त्यांच्या अंड्यांची. वाईट दिवस आले की पिसू काळ्या डबीसारख्या कवचात अंडी घालते. ती तळाशी जातात, गाळात पुरली जातात आणि झोपतात. वीस वर्षं, चाळीस वर्षं. वर नवा गाळ साचत राहतो, थरावर थर. भिंगीने दोन वर्षांपूर्वी तळ्यात नळी खुपसून तो गाळ अख्खा वर काढला होता. मग सुरीने चकत्या कापल्या, दर चकतीतली अंडी उजेडात ठेवून जागी केली. आजीच्या वयाच्या पिसवा एका बाटलीत, त्याच वर्षीच्या दुसऱ्या बाटलीत, शेजारी शेजारी.

प्रत्येक थराच्या पिसवा तीन पाण्यांत वाढवायच्या. एक मासे ठेवलेलं पाणी, एक अळ्या ठेवलेलं, आणि तिसरं कोरं. कोऱ्या पाण्यात कसलाच वास नाही, म्हणून काटेही येत नाहीत. मग बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची.

आणि काटे आले होते ते नेमके कोऱ्या पाण्यात.

तेही सगळ्यांना नाही. वरच्या थरांतल्या पिसवा गोल गरगरीत, आरामात फिरत होत्या. काटे फक्त चाळीस वर्षांहून जुन्या, खालच्या थरांना. आणि शेपटीला नाही, मानेला नाही. पोटाला.

तिने सगळं परत केलं. बाटल्या उकळल्या, ड्रॉपर बदलले, हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा तेच. मग तिने नळाचं पाणी कोळशातून गाळून आठवडाभर ठेवलं आणि त्यात त्याच म्हाताऱ्या पिसवा वाढवल्या. एकही काटा नाही. म्हणजे पिसवांची चूक नव्हती, घोळ कोऱ्या पाण्यात होता.

आता हे कोरं पाणी यायचं कुठून, तर तळ्याच्या तळातून. वीस मीटर खालून, पंपाने. या प्रयोगशाळेची वीस वर्षांची रीत होती ती. खाली प्राणवायू नाही, त्यामुळे मासा नाही, अळी नाही, कोणीच नाही. मग याच्याहून कोरं पाणी कुठलं? वर आणायचं, बारीक जाळीतून गाळायचं, हवा सोडायची, झालं.

जाळीत जीव अडकतात. वास अडकत नाही.

ती मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक, आणि कोऱ्या पाण्याची रीत त्यांनीच घालून दिलेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"खालच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, माहितीये ना? त्यानेच होत असेल हे काहीतरी."

"मग नव्या पिसवांना का नाही होत?"

"त्यांना सवय झाली असेल."

"मॅडम, पण काटे खालच्या अंगाला आहेत. म्हणजे यांना कुणीतरी खालून..."

"कुणीतरी? अगं, खाली हवाच नाही. राहणार कोण तिथे, माझी सासू?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं फिस्सकन हसले. भिंगीही हसली. पण जिना उतरताना तिच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. काटे फुकट मिळत नाहीत. काटे वाढवायचे तर पिल्लं कमी होतात. धोका टळला की काटे वाढवणाऱ्या मागे पडतात, बिनकाट्याच्या पुढे जातात, आणि काही वर्षांत सगळं तळं तो वास विसरतं. म्हणजे वरच्या थरांना सवय झाली नव्हती, त्यांना गरज उरली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी खालचं ते जे काय होतं, ते यायचं थांबलं होतं.

थांबलं होतं ना, मग झालं तर, असं तिने स्वतःला बजावलं. वास मात्र अजून तिथे होता. त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

आता दादाचं ऐक. दादा पाणबुड्या. पुलाचे खांब तपासायचे, बुडालेल्या बोटी काढायच्या, असली कामं. मागच्या महिन्यात भिंगी गाळाची दुसरी नळी काढत होती. आधी एका डब्यात तळाचा वरवरचा, यंदाचा गाळ आला. मग नळी खुपसली, आणि ओढताना दोर तुटला. नळी खाली उभीच्या उभी रुतून बसली. पहिल्या नळीचे निकाल या दुसरीवर ताडून बघायचे होते, म्हणून मॅडमनी दादालाच सांगितलं. गुरुवारी अकरा वाजता उतरायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता भिंगीने यंदाच्या गाळातली बाटली उघडली. अंडी दोन आठवड्यांपूर्वी फुटली होती, कोऱ्या पाण्यात वाढत होती. आज त्यांची पहिली पिल्लं दिसायला हवी होती.

पिल्लं होती. पोटाला काटे होते.

तिने दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. दहातल्या आठांना. दोन वर्षांपूर्वीच्या थरात दहातल्या एकालाही नव्हते. इतक्या थोड्या काळात एवढा पालट एकाच कारणाने होतो. बिनकाट्याच्या कुणीतरी खाऊन संपवलेल्या असतात.

ती अंगातला ॲप्रन न काढता पळत सुटली. धक्क्यावर पोचली तेव्हा दादा पोशाख चढवून बसला होता, नाववाले काका त्याची टाकी नावेत ठेवत होते आणि मॅडम छत्री घेऊन उभ्या होत्या.

"आली बघा आमची शास्त्रज्ञ," दादा म्हणाला. "काय गं, वरात निघाल्यासारखी धावतेस?"

"दादा, आज नको उतरूस."

"का? कुंडली बघितलीस?"

"खरंच नको. पिसवांना काटे आलेत. यंदाच्यांना."

दादाने काकांकडे पाहिलं. काकांनी तळ्याकडे पाहिलं. मग दोघेही एकदम हसले, नाव हलेपर्यंत हसले.

"मला पण आलाय अंगावर काटा," दादा म्हणाला. "पाणी गार आहे ना!"

"पुरे आता," मॅडम म्हणाल्या. "काल बोललो आपण यावर. वेळ जातोय."

दादाने मुखवटा धुतला, कपाळावर चढवला. पाणी अगदी शांत होतं. एवढं शांत की मधे एकही मासा उडत नव्हता, आणि हे आपल्याला आजच कसं दिसलं, असं भिंगीला वाटलं. दादाने एक पाय नावेत टाकला.

"मॅडम," ती म्हणाली. "मी झडप उलटी लावली होती."

"कसली झडप?"

"नळीच्या बुडाची. गाळ धरून ठेवते ती. दोन्ही नळ्यांना उलटीच लावली. पहिलीतला गाळ वर येताना ढवळला गेला होता. थर खोटे आहेत. दुसरीतही तसंच असणार. काढून उपयोग नाही."

मॅडमनी छत्री मिटली. भर उन्हात.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि दोन वर्षं तू मला त्या थरांचे आकडे देत होतीस?"

भिंगीने होकाराची मान हलवली. झडप तिने सुलटीच लावली होती, तीन तीनदा तपासून लावली होती. नळी म्हणजे साधा प्लास्टिकचा पाइप, मोल होतं ते गाळाला. आणि ढवळलेल्या गाळासाठी कोण माणूस खाली उतरवतो? मॅडम गाडीकडे चालत गेल्या. दादाने पाय नावेतून बाहेर काढला.

"वेडी आहेस का गं?" तो हळूच म्हणाला. "एवढं लपवायचं?"

दुपारी मॅडमनी सगळ्या बाटल्या ओतून द्यायला लावल्या. भिंगीने एकेक करून बेसिनमध्ये ओतल्या. साठवलेल्या चकत्या गेल्या, यंदाचा गाळही गेला. तीन वर्षांचं काम एका कागदावर आलं. नमुने सदोष, निष्कर्ष रद्द, खाली तिची सही. रडली नाही ती. दादा संध्याकाळी घरी जेवायला बसला, तेवढं तिला पुरे होतं.

तीन आठवड्यांनी पाणीखात्याचं पत्र प्रयोगशाळेत आलं. शहरासाठी तळ्याच्या तळातून नवी जलवाहिनी टाकायची होती, तळाबद्दल काही नोंद आहे का, अशी विचारणा. मॅडमनी उत्तर लिहिलं की एक अभ्यास झाला होता, तो रद्द आहे, तळाशी कोणतीही सजीव हालचाल नाही. खोटं काय होतं त्यात? भिंगीची सही होतीच.

आणि ते तळं कुणाला पाठ आहे, अशी चौकशी झाली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव घेतलं. दादाला काम मिळालं. सहा आठवडे, रोज, स्वतः धरून चार माणसांचा म्होरक्या.

त्या रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. वास, खालच्या अंगाचे काटे, चाळीस वर्षं, यंदाची पिल्लं. दादा या वेळी हसला नाही. जेवता जेवता हात थांबवून ऐकत होता. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"म्हणजे झडप सुलटी होती?"

"हो."

"मग तेव्हा खोटं बोललीस, की आत्ता बोलतेयस?"

"तेव्हा."

"दाखव ना मग मला ते काटे."

"ओतून दिले."

"परत वाढव."

"त्याला तळाचा गाळ लागेल. आणि गाळावर आता मला कोण काम करू देणार?"

दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

"माझी काळजी वाटते ना तुला? नीट सांगायचं तसं. गोष्टी कशाला रचतेस, भिंगे?"

सोमवारी सकाळी तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. बरोबरची तिघं खाली गाडीत बसून भोंगा वाजवत होती. त्यातल्या एकाचं नुकतंच लग्न झालं होतं.

"येतेस का धक्क्यापर्यंत?" दादाने विचारलं. "की अजून काही कबूल करायचं राहिलंय?"

आणि तो थांबला. थट्टेत नाही हं, खरंच थांबला. ती एक शब्द बोलली असती तरी त्याने पिशवी खाली ठेवली असती, असा थांबला. पण मग त्या तिघांचं काय? ते तर उतरणारच होते, आणि त्यांच्यातलं कुणीच ते तळं ओळखत नव्हतं.

भोंगा परत वाजला. भिंगी दाराच्या कडीला धरून उभी.

आता बोल. तू काय केलं असतंस?